पाते बोलले पाहिजे

आमचा धंदा पिढीजात सोनाराचा. मूर्तिजापुरात रस्त्याला लागून एक ओटा, त्यावर एक बुटके बाकडे, बाजूला शेगडी आणि भिंतीला टांगलेली अवजारे, एवढेच आमचे दुकान. त्या अवजारांत ऐरण, हातोडी, सांडशी, फुंकणी, कानस अशी नेहमीची मंडळी होती. पण बाबांचा जीव होता तो कमानीच्या करवतीवर. ती कुणाला उसनी द्यायची नाही, जमिनीवर ठेवायची नाही आणि पाते चढवलेले असताना टांगायची नाही, हे घरातल्या लहानथोरांना ठाऊक होते.

ही करवत सुताराच्या करवतीसारखी नसते. तीन बाजूंनी पोलादी पट्टी असते आणि चौथी बाजू मोकळी. त्या मोकळ्या बाजूला केसासारखे बारीक पाते ताणून बसवायचे. दोन टोकांना दोन चाप, ते आवळायला दोन पेच, आणि खाली लाकडी मूठ. पाते सुमारे पाच इंच लांब. त्याला नंबर असतात. एक, दोन, तीन असे नंबर चढत गेले की पाते जाड होत जाते. आणि दोन शून्य, चार शून्य, आठ शून्य अशी शून्ये वाढत गेली की ते बारीक होत जाते. दोन शून्याचे पाते सुमारे पाव मिलिमीटर जाड आणि अर्धा मिलिमीटर रुंद असते. आठ शून्याचे तर हातात धरले तरी आहे की नाही कळत नाही. चांगली पाती जर्मनी, स्वित्झर्लंडकडून येत. बारा-बारा पात्यांची जुडी पातळ तारेने बांधलेली असे. बाबा अकोल्याहून ती आणीत आणि कागदात गुंडाळून, तेलाचा हात लावून डब्यात ठेवीत.

मी ही करवत शिकलो ती १९६३ साली, आणि ते शिकणे सुखाच्या दिवसांतले नव्हते. आदल्या वर्षी चीनशी युद्ध झाले होते. परदेशी चलन वाचवायचे म्हणून १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचा हुकूम निघाला. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडवायला बंदी आली. १४ कॅरट म्हणजे शंभर भागांत साडेअठ्ठावन्न भाग सोने, बाकीचे तांबे, चांदी. आमच्या वऱ्हाडातल्या बायामाणसांना ते सोने वाटेचना. कापसाचा पैसा हातात आला की पोत, डोरले, गोट करायला येणारी घरे येईनाशी झाली. देशभर हजारो सोनारांचे हात रिकामे झाले, तसे बाबांचेही झाले. १४ कॅरटची अट १९६६ साली उठली, पण १९६८ साली सुवर्ण नियंत्रणाचा कायदा आला आणि तो १९९० पर्यंत राहिला.

हाताला काम नाही, म्हणून बाबांना मला शिकवायला वेळ मिळाला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. सोने कुठले, पितळेचा जुना पत्रा समोर ठेवून ते मला म्हणाले, "आधी पातं बसवाले शिक. कापणं मंग आपोआप येते."

पाते बसवायची रीत अशी. प्रथम दाते कोणीकडे आहेत ते पाहायचे. डोळ्यांना ते दिसत नाहीत. म्हणून पाते धोतराच्या काठावरून हलकेच ओढायचे. एका अंगाने ओढले की ते सरळ निघून जाते, दुसऱ्या अंगाने कापडात अडकते. दाते कमानीच्या बाहेरच्या बाजूला आणि त्यांची टोके खाली मुठीकडे यायला हवीत. कारण ही करवत ढकलताना कापत नाही, खाली ओढताना कापते. उलटे बसवले तर पत्रा उचलला जातो आणि पाते तुटते.

मग चाप पुसून घ्यायचे. त्यांत तेल राहिले तर पाते निसटते. पात्याचे एक टोक वरच्या चापात घालून पेच आवळायचा. आता कमानीची लांबी अशी ठेवायची, की पात्याचे दुसरे टोक खालच्या चापाला जेमतेम शिवेल, पुरते आत जाणार नाही. मग कमानीचे वरचे टोक बाकड्याच्या खाचेत टेकवायचे, मूठ छातीला लावायची आणि छातीने कमान दाबायची. पोलादी कमान जराशी वाकते, दोन्ही चाप जवळ येतात, पात्याचे टोक खालच्या चापात शिरते. तेवढ्यात तिथला पेच आवळायचा आणि छातीचा दाब हळूहळू सोडायचा. कमान पुन्हा सरळ व्हायला बघते आणि पाते ताणून धरते. सगळी खुबी या दाबण्यात आणि सोडण्यात आहे. पहिल्या महिन्यात माझ्या छातीवर मुठीचा निळा वळ उठला होता. आईने हळद लावली आणि बाबांना चार शब्द ऐकवले.

आता ताण बरोबर आला की नाही, हे कसे ओळखायचे? बाबा नखाने पाते छेडीत. आपल्याकडे पिंजारी गादी पिंजायला येई, त्याच्या कमानीची तात कशी वाजते ते ज्यांनी ऐकले आहे त्यांना हे लवकर कळेल. पाते सैल असले तर 'भद्द' असा मेलेला आवाज येतो. बरोबर असले तर 'टण्' असा स्वच्छ, उंच सूर निघतो. फाजील ताणले तर सूर किनरा होतो, कानाला टोचतो. "पातं बोललं पायजे," बाबा म्हणत, "पण किंचाळलं नाही पायजे."

सैल पाते सरळ चालत नाही. आपण एका रेघेवर कापायला जावे, ते दुसरीकडेच भरकटते, वाकते आणि चापाजवळ तुटते. फार ताणलेले पाते सरळ चालते, पण जरा हात तिरपा झाला की काच फुटावी तसे कटकन मोडते. मधला ताण हाताला सापडायला मला सहा महिने लागले. त्यात चार जुड्या पाती मोडली. मोडलेली पातीही बाबा टाकू देत नसत. कमान आखूड करून तुकडाही वापरता येतो.

कापतानाचे नियमही थोडेच आहेत. पत्र्याच्या जाडीत निदान दोन-तीन दाते बसतील असे पाते निवडावे. पाते मधमाशीच्या मेणावरून एकदा फिरवावे. हात उभा ठेवावा आणि पात्याची सगळी लांबी वापरावी. पुढे रेटू नये. वळण आले तर पाते जागच्या जागी वरखाली करीत काम हळूहळू फिरवावे. वखर धरणाऱ्याला हे सांगायला नको. बैलाला जसे उगीच टोचत नाहीत, तसे करवतीलाही रेटत नाहीत.

एवढे शिकून मला वाटले होते, की मला आता सगळे येते. ते खोटे आहे, हे १९७३ च्या उन्हाळ्यात कळले.

१९७२ चा दुष्काळ नुकताच सोसून लोक उभे राहात होते. दुष्काळात दागिना मोडायला फार माणसे येऊन गेली होती. त्या दिवशी सकाळी कारंज्याकडच्या एका खेड्यातून छोट्या गाडीने तिघे जण आले. तेव्हा आमच्या मूर्तिजापुरातून अडीच फुटी रुळांची शकुंतला एकीकडे यवतमाळला आणि एकीकडे अचलपूरला जात असे. आता ती बंद आहे. आलेल्यांत दोन भाऊ होते आणि त्यांची म्हातारी आई. भावांनी एकमेकांकडे पाहायचेही टाळले होते. एक ओट्याच्या या टोकाला बसला, दुसरा त्या टोकाला. म्हातारी खाली पायरीवर बसली.

मोठ्याने फडक्यातून सोन्याची सरी काढली. भरीव, चारेक मिलिमीटर जाड, सात तोळ्यांची. म्हातारीच्या लग्नातली. नवरा गेल्यावर तिने ती गळ्यातून उतरवली होती. वावराची, बैलांची, विहिरीच्या पाळीची वाटणी झाली होती. राहिली होती ती सरी.

"सोनारकाका, हिचे बरोबर दोन तुकडे करून द्या," मोठा म्हणाला. लहाना लगेच म्हणाला, "माह्या डोळ्यासमोर. आन् कीस कोणाच्या घरी जाईन ते आधी सांगा."

बाबांना त्या बोलण्याचा राग आला नाही. सोनाराच्या संगतीविषयी जी म्हण आहे, ती आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. ते म्हणाले, "छिन्नीनं तोडलं तर कीस पडत नाही, पण सोनं चेपते आन् बरोबर जागी तुटत नाही. करवतीनं एका कापात अर्ध्या गुंजेच्या वर सोनं किसात जाईन. तो कीस मी तुमच्यासमोर तोलून देतो. मंजूर असन तं बसा." दोघांनी माना हलवल्या.

त्या काळी कायद्याने ग्रॅम आले होते, तरी माणसे तोळ्या-गुंजेतच बोलत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. बाबांनी सरी तोलली, वजन मोठ्याने सांगितले. मग त्यांनी करवत माझ्याकडे सरकवली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कापायचे काम माझे होते.

मी दोऱ्याने सरीची लांबी मापली, मध्यावर खूण केली. एक नंबरचे पाते घेतले. चार डोळे माझ्या हातांवर खिळले होते. भीतीने मी कमान छातीने जरा जास्तच दाबली आणि पेच आवळला. पाते छेडले. सूर किनरा आला. बाबा म्हणाले, "लय ताणलं रे." मला वाटले, सरी जाड आहे, घट्टच बरे. मी ऐकले नाही. तिसऱ्याच ओढीला पाते कटकन मोडले. एक तुकडा उडून बाकड्याखाली कातड्याच्या झोळीत पडला.

लहाना उठून उभा राहिला. "पातं मोडलं का मोडवलं?"

"बस खाली," पायरीवरून म्हातारी म्हणाली. तिचा तो पहिला शब्द.

माझे कान तापले. मी दुसरे पाते काढले आणि आता मोडू नये म्हणून कमान कमी दाबली. छेडले तर 'भद्द'. मी तसाच कापायला बसणार होतो. बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्यांना दिसत नव्हते, पण कान शाबूत होते. ते हळूच म्हणाले, "त्यायचं भांडण तू कायले पात्यात भरतं? सोड. पुन्हा बसव. ते बोलेपर्यंत सोन्याले हात लावू नोको."

मी पाते सोडले. चाप पुसले. खाचेत कमान टेकवली, श्वास सोडला, छातीने दाबले, पेच आवळला, दाब सावकाश सोडला. छेडले. 'टण्'. बाबांनी मान हलवली.

मग पाते लोण्यातून जावे तसे चालले. सरीचे दोन तुकडे झाले. तोलले तर एक तुकडा दुसऱ्याहून अडीच गुंजांनी जड निघाला, कारण त्याच्या टोकाला अडकवायची कडी होती. आता जड तुकड्याची दोन गुंजांची चकती उतरवायची होती. ती जाडीला एका मिलिमीटरहून थोडीच जास्त. इथे पाते केसभर भरकटले असते तर चकती एका बाजूने जाड, एका बाजूने पातळ झाली असती आणि वजन हुकले असते. पाते सरळ उतरले. दोन्ही तुकडे ताजव्यात घातले. काटा मध्ये येऊन थांबला. दोन्ही भावांनी वाकून पाहिले. कुणी बोलले नाही.

उरली चकती आणि झोळीतला कीस. बाबांनी कीस कागदावर झाडून घ्यायला सांगितला. त्यात पोलादी पात्याचे कण होते. त्यावरून मी लोहचुंबक फिरवले. पोलाद चिकटून आले, सोने खाली राहिले. तोलले तर चकती धरून सारे तीन गुंजांच्या आसपास भरले.

"आता ह्याचेही दोन हिस्से करू?" बाबांनी विचारले.

भाऊ गप्प. तेवढ्यात म्हातारी बोलली. "गाडगेबाबाच्या कीर्तनाले मी गेलती. बाबा सांगत, ताट मोडा, हातावर भाकर खा, पण लेकरायले शाळेत घाला. तुम्ही सरी मोडाले आले. कोणाच्या शाळेसाठी आले?"

गाडगेबाबा १९५६ साली गेले. त्यांचे लहानपण आमच्याच तालुक्यात दापुऱ्याला मामाच्या घरी गेले, आणि मूर्तिजापुरात त्यांनी धर्मशाळा, गोरक्षण उभे केले. बाबांचे नाव घेतले की आमच्याकडे माणूस आवाज चढवत नाही. मोठ्याने मान खाली घातली. लहाना म्हणाला, "ते मायलेच द्या."

बाबांनी कोळशावर खळगा करून त्यात चकती आणि कीस ठेवला, चिमूटभर टाकणखार टाकला आणि फुंकणीने जाळ लावला. सोने वितळले की कोळशावर आपोआप गोल होते. निवल्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा मणी निघाला. मी त्याला भोक पाडू लागलो, तर म्हातारी म्हणाली, "नोको. मी कुठं गळ्यात घालतो?" तिने तो पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. दोन्ही भाऊ आपापले तुकडे घेऊन उठले. मजुरी दोघांनी अर्धी-अर्धी दिली. जाताना म्हातारीला पायरीवरून उठवायला मात्र दोघांचेही हात एकदम पुढे झाले.

त्यानंतर दोन वर्षांनी ती पुन्हा आली. सोबत मोठ्याची मुलगी होती. सातवी पास झाली होती. पुढची शाळा गावात नव्हती, तिला मूर्तिजापुरात ठेवायचे होते. म्हातारीने पदराची गाठ सोडून मणी बाबांपुढे ठेवला. "याची पुस्तकं येतीन का, सोनारभाऊ?" बाबांनी त्या मण्याची घट धरली नाही. पुस्तकांना कमी पडत होते तेवढे लहान्याने पाठवल्याचे तिने सांगितले. भावांचे बोलणे सुरू झाले होते की नाही, ते आम्ही विचारले नाही.

आज बरेचसे दागिने यंत्रावर घडतात. लेसरने कापतात, साच्यात ओततात. तरी जोडकाम, दुरुस्ती, कड्या कापणे यांसाठी ही करवत लागतेच, आणि ती आजही छातीनेच ताणावी लागते. माझा नातू या धंद्यात नाही, पण सुटीत आला की पाते बसवून छेडतो आणि माझ्याकडे बघतो.

शेतकरी बंधु-भगिनींनो, दागिना मोडायची पाळी कुणावर येऊ नये. आली तर एवढे करा. मोडण्याआधी आणि मोडल्यानंतर समोर तोलून घ्या. कापकाम केले असेल तर कीस मागायला लाजू नका, तो तुमचा आहे. आमच्या दुकानाची धूळसुद्धा झारेकरी पैसे देऊन नेत, ती काही उगीच नाही. जुन्या चिठ्ठीवरचा तोळा ११.६६ ग्रॅमचा असतो आणि आजचा बाजारातला तोळा १० ग्रॅमचा, म्हणून हिशेब ग्रॅममध्येच करा. नवा दागिना घेताना हॉलमार्क पाहा. १ एप्रिल २०२३ पासून त्यावर सहा अक्षर-अंकांची खूणही असते. २२ कॅरटवर ९१६ हा आकडा असतो.

बोटात अंगठी रुतून बोट सुजले, तर मात्र घरी पक्कड, छिन्नी चालवू नका. हात वर धरा, गार पाणी आणि साबण लावून पाहा. बोट निळे पडू लागले किंवा बधिर झाले, तर थेट दवाखाना गाठा. अंगठी कापली तर पुन्हा जोडता येते.

बाबांना जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांची कमान माझ्याजवळ आहे. मूठ झिजून माझ्या छातीच्या मापाची झाली आहे. घरात दोन सुनांत, दोन भावांत शब्द वाढू लागला की मी ओट्यावर जाऊन एखादे पाते चढवतो आणि छेडून पाहतो. किनरे वाजले तर पेच जरा ढिला करतो. मग घरात जाऊन बोलतो.